खुणेचं नाव

विश्वंभर थोरवतांच्या डाव्या हाताची दोन बोटं एका प्लॉटच्या जाहिरातीत गेली. हे ते स्वतःच नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत आणि गिऱ्हाईक हसलं की हात पुढे करत. मग गिऱ्हाईक मुकाट्याने फळ्यांचा भाव विचारू लागे.

कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची लाकडाची वखार. सगळा गाव त्यांना तात्या म्हणे. विश्वंभर हे नाव वीजबिलावर आणि रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं. त्या दिवशी सागाचा ओंडका करवतीवर चढवला होता. तात्या तो पुढे सरकवत होते आणि पलीकडून त्यांचा जुना कारागीर यासीन मुजावर ओढून घेत होता. एका ठेकेदाराचा फोन यायचा होता, म्हणून तात्यांनी फोनची गोळी कानात घालून ठेवली होती. गोळी वाजली, आपोआप सुरू झाली आणि एक गोड आवाज म्हणाला, “नमस्कार सर, विश्वंभर गणपती थोरवत बोलताय का? हायवेपासून पाच मिनिटांवर...” तात्यांची मान क्षणभर वळली. करवत कुणासाठी थांबत नाही. पांढऱ्या भुश्यावर रक्ताची चिळकांडी उडाली. यासीनने अंगातला सदरा काढून हात आवळला, तात्या गुरासारखे ओरडत होते, आणि त्यांच्या कानात ती बाई विचारत होती, “सर, आपलं बजेट साधारण किती आहे?”

बोटं भुश्यात सापडली, पण ती जोडण्याजोगी राहिली नव्हती. दवाखान्यात हात बांधून पडले असताना पुन्हा अनोळखी नंबर वाजला. या वेळी विमा होता. तात्यांनी फोन भिंतीवर फेकला आणि नर्सला शिव्या दिल्या, जिचा यात काही दोष नव्हता. मुळात माणूस तापट, त्यात ही आग. आपल्याला त्या आवाजाची मानगूट धरायची आहे, एवढंच त्यांना कळत होतं, पण आवाजाला मानगूट नसते.

त्या काळात यंत्राच्या आवाजात माल विकायला कायद्याने बंदी आली होती. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, पण कंपन्या काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी यंत्रं काढली आणि पुन्हा माणसं बसवली. शिकलेल्या, बेकार पोरापोरींच्या रांगाच्या रांगा कानाला फोनचे पट्टे लावून दिवसभर अनोळखी लोकांना ‘नमस्कार सर’ म्हणू लागल्या. एक नंबर बंद केला की दहा उगवत. आणि आता दुसऱ्या टोकाला खरा कान होता, ही गोष्ट एका कंपनीने हेरली.

तिच्या युक्तीचं मूळ पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होतं. तिथे एक संशोधिका भोवळीवर उपाय शोधत होती. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, तीन बारीक वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. मान वळली की द्रव हलतो आणि शरीर कुठे कललं आहे ते मेंदूला समजतं. हा तोल सांभाळणारा अवयव आवाजालाही फसतो, असं त्या बाईंना आढळलं. ठरावीक क्रमाने येणारे दोन खर्जातले स्वर हाडातून आत सोडले, तर मान स्थिर असतानाही तो द्रव डुचमळतो. स्वर मोठे असायची गरजच नाही, क्रम बरोबर हवा. भोवळीचे रोगी त्याने बरे होऊ लागले. मग कुणीतरी तोच क्रम उलटा वाजवून पाहिला, आणि चांगला धडधाकट माणूस उभ्याचा आडवा झाला.

तोवर फोनही बदलले होते. कानाशी आवाजाची छिद्रं उरली नव्हती. फोनची काचच थरथरायची आणि आवाज कवटीच्या हाडातून आत जायचा. विक्रेत्यांचे पट्टेही तसेच. म्हणजे वाट तयारच होती. कंपनीने उलटा क्रम एका चकतीत भरला, चकती फोनच्या पाठीला चिकटवायची सोय केली आणि नाव ठेवलं ‘चपराक’. आवाज मर्यादेत असल्यामुळे कायद्याला बोट ठेवायला जागा सापडेना. कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि चकत्या खपत राहिल्या.

तात्यांनी पहिल्याच आठवड्यात घेतली.

पहिली चपराक त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने दिली. कुणी पोरगा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकत होता. तात्यांनी त्याला बोलू दिलं, गोड बोलून चढवलं आणि चकती दाबली. पलीकडून आधी एक घोगरी किंकाळी आली, मग खुर्ची उलटल्याचा आवाज, मग ओकारी. त्याच्या मागे इतरांचे आवाज तसेच चालू होते, नमस्कार सर, नमस्कार मॅडम. तात्यांच्या तुटक्या बोटांच्या जागी रोज ठणका असे. त्या दिवशी तो थांबला. हे त्यांनी पुढे कबूल केलं नसतं, पण त्यांना बरं वाटलं.

चपराकीत एक सोय होती. दर वेळी पुढचे-मागचे काही क्षण ती साठवून ठेवी. चहाच्या वेळेला ओंडक्यांवर बसून तात्या दिवसभराची शिकार ऐकवत आणि माणसं जमत. कोण कसा कोकलला याच्या नकला होत. एक जण पडताना आईला हाक मारून गेला, तर ती तात्यांनी दोनदा ऐकवली. यासीन पहिल्या दिवशी हसला, पुढे चहा घेऊन करवतीच्या मागे जाऊन बसू लागला. गावोगाव हेच चाललं होतं. विकणाऱ्या कंपन्यांनी पगारात चपराक भत्ता सुरू केला. पोरं खुर्चीला स्वतःला बांधून घेऊ लागली. पण फोन काही कमी झाले नाहीत.

तात्यांच्या बायकोला, उज्ज्वलाबाईंना, हे पहिल्यापासून खपलं नव्हतं. भाकरी थापता थापता त्या किंकाळ्या त्यांच्या कानावर येत. त्या म्हणाल्या की बोटं करवतीनं नेली, त्या पोरीनं नव्हे. करवत चालू असताना कानात गोळी कुणी घातली होती? तात्या ताट सारून उठले.

एरवी त्या दोघांचं छान जमायचं. उज्ज्वलाबाई नवऱ्याचं नाव घेत नसत. हळदीकुंकवाला बायकांनी घेरलं तर उखाण्यात घेत, तेही पदर तोंडाशी धरून. एरवी अहो. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी तात्यांचा एक लाडिक हट्ट होता, की एकदा तरी उखाण्याबिगर, नुसतं नाव घे. शेजारच्या सुना नवऱ्याला अरेतुरे करतात, तू नाव घ्यायला काय हरकत आहे? बाई हसून म्हणत, “जिवावर बेतलं तर घीन. न्हाईतर अजिबात न्हाई.” आणि तात्यांना त्यातही गोडी वाटे.

त्यातूनच तात्यांना युक्ती सुचली. करवतीवर हात गुंतलेले असताना चकती दाबता येत नव्हती आणि शिकार निसटत होती. चपराकीला खुणेचा शब्द ठरवून देता येई. अनोळखी नंबरचा फोन ती आधी गुपचूप उचले आणि पलीकडच्या तोंडून तो शब्द पडला की मालकाला न विचारता फटका देई. नाहीतर फोन नेहमीसारखा वाजे. शब्द कुठला ठेवायचा? नमस्कार ठेवावा तर पाहुणेही नमस्कार म्हणतात. प्लॉट ठेवावा तर ठेकेदार मरायचा. तात्या विचार करत बसले आणि एकाएकी मांडीवर थाप मारून उठले. आपल्याला विश्वंभर थोरवत म्हणतं कोण? गाव तात्या म्हणतं, मेहुणा दाजी म्हणतो, कामगार मालक म्हणतात. पूर्ण नाव घेतात ते फक्त हे चोर, कारण त्यांच्याकडे कागदावरचं नाव असतं. क्षणभर त्यांना उज्ज्वलाबाई आठवल्या आणि ते स्वतःशीच हसले. ती तर जन्मात घेणार नाही. स्वतःचंच नाव त्यांनी खूण म्हणून चपराकीला शिकवलं, आणि घरी कटकट नको म्हणून बायकोला काही सांगितलं नाही.

शिकार दुप्पट झाली.

भाद्रपदाच्या सुरुवातीला एका दुपारी वखारीसमोर मोटारसायकल थांबली. चोवीस-पंचवीसचा एक तरुण उतरला आणि थोरवत कोण म्हणून विचारू लागला. त्याचं नाव दिग्विजय, कोल्हापूरचा. त्याची बहीण अनुश्री फोनवर सदनिका विकायची. आठवड्यापूर्वी तिने हा नंबर लावला, नाव घेतलं आणि ती टेबलाच्या कडेवर तोंडावर पडली. जिभेचा तुकडा पडला, समोरचे दात गेले. अजून ती उभी राहू शकत नव्हती, डोळे उघडले की ओकत होती.

तात्यांनी त्याच्यासमोर डावा पंजा धरला. “ही बघ माझी बोटं. तुझ्या भनीला म्हणावं, फिटलं.”

दिग्विजयने हातातलं हेल्मेट फिरवलं. ते तात्यांच्या कानशिलावर बसलं आणि भुवई फाटली. तात्यांनी मागे हात टाकला, हाताला सागाची रीप लागली, आणि तिचा पहिलाच तडाखा पोराच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज करवतीच्या घरघरीतही ऐकू आला. पोरगं गुडघ्यावर आलं. दुसरा तडाखा पाठीत, तिसरा बरगडीत. तात्यांच्या डोळ्यांत भुवईचं रक्त उतरलं होतं आणि त्यांना समोर माणूस दिसत नव्हता, इतक्या दिवसांचे सगळे गोड आवाज एका गळ्यात सापडले होते. त्यांनी त्याचे केस धरले, फरफटत नेलं आणि त्याचं डोकं करवतीच्या टेबलावर दाबलं. फिरता पट्टा वितभर लांब होता. पोराने ओरडायचंही सोडलं होतं. तात्या ढकलत होते.

यासीनने मेन स्विच खाली ओढला. घरघर विरत गेली. दारात उज्ज्वलाबाई जेवणाचा डबा घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं.

त्यांनी डबा खाली ठेवला. पदर फाडून पोराचा हात गळ्यात बांधला, यासीनला रिक्षा आणायला लावली आणि स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. पोराने तक्रार केली नाही. बहिणीच्या दवाखान्यापुढे त्याला पोलिसांत जायला सवड नव्हती. दिवे लागायच्या सुमाराला त्या परत आल्या, पिशवी भरली आणि स्वतःचा फोन देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून दिला.

“ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. न्हाईतर तुमी गोडगोड बोलाल आन मी फसंन. ती चकती काढा, मग मी यीन.”

“आन न्हाई काढली तर?”

“तर करवतीची पूजा औंदा तुमीच करा.”

त्या मसूरला भावाकडे गेल्या. तात्यांना वाटलं, चार दिवसांत येईल. चार दिवसांनी वाटलं, गणपती आटोपल्यावर येईल. घरात चूल पेटेना, यासीनच्या घरून डबा येऊ लागला. अभिमान असा की चकती काढणं म्हणजे त्या पोरापुढे हरणं. मेहुण्याला फोन करून इकडतिकडचं बोलत, तिचा विषय काढत नसत. खरं सांगायचं तर त्यांना तिची इतकी आठवण येत होती की रिकाम्या स्वयंपाकघरात ते मुद्दाम भांडी आपटत. दोनदा त्यांनी नख घालून चकतीची कड उचलली. दोन्ही वेळा कुणातरी अनोळखी माणसाचा फोन आला, फटका बसला, आणि कड पुन्हा चिकटवली गेली.

खंडेनवमी आली. वखारीत त्या दिवशी काही चालत नाही; पाती, कुऱ्हाडी, रंधे सगळं धुऊन पाटावर मांडायचं आणि झेंडू वाहायचे. दरवर्षी उज्ज्वलाबाई करवतीला हळदीकुंकू लावत. औंदा तात्यांनी सकाळी उठून स्वतःच ताट केलं. कुंकू जास्त ओलं झालं आणि पट्ट्यावर ओघळ आला. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, उद्या दसरा. चकती काढायची आणि सोनं घेऊन मसूरला जायचं. आजचा दिवस तीही हत्यारच आहे, तिचीही पूजा होऊ दे. त्यांनी फोन पाटावर कुऱ्हाडीशेजारी ठेवला, चकतीवर झेंडूचं फूल वाहिलं आणि प्रसादाचे पेढे आणायला बाजारात गेले.

दुपारी चहाला नेहमीची माणसं आली. प्रसाद वाटला, आणि कुणीतरी म्हणालं, तात्या, सणाची शिकार ऐकवा की. फोन पाहिला तर खरंच एक फटका नोंदलेला होता. अनोळखी नंबर. तात्यांनी आवाज मोठा केला, शेवटचीच म्हणून.

आधी वारा ऐकू आला. मग बांगड्यांचा आवाज, आणि कुणीतरी घसा साफ केल्यासारखं. मग एक ओळखीचं, लाजरं हसू. “विश्वंभर,” बाई म्हणाली आणि थांबली. पुन्हा हसली. मग धीर करून, एका दमात, “विश्वंभर थोरवत...”

मग किंकाळी. मग काहीतरी जड, दगडावरून दगडावर आपटत गेलं. काच फुटली. आणि शांतता.

यासीन करवतीमागून पुढे आला होता. तात्या फोनकडे बघत उभे होते, आणि तेवढ्यात तो त्यांच्या हातात वाजला. मेहुणा होता. तो रडत म्हणाला, “दाजी, दवाखान्यात या.”

मसूरचं घर उतारावर होतं. गच्चीच्या जिन्याला कठडा नव्हता, आणि फोनला रेंज फक्त वरच्या पायऱ्यांवर यायची. मेहुण्याच्या बायकोने नवा फोन घेतला होता, तो नंबर तात्यांकडे नव्हता. ती दवाखान्याच्या बाकावर बसून हुंदके देत सांगत होती. वन्सं सकाळपासून खुशीत होत्या. म्हणत होत्या, करवतीला कुंकू कोण लावणार, मलाच गेलं पाहिजे. रागाची माणसं, मीच पहिली हाक मारते, आणि आज नाव घेऊनच मारते, मग बघू चकती कशी काढत नाहीत. खाली आम्ही सगळी होतो. आमच्यासमोर लाज वाटली, म्हणून फोन घेऊन वर गेल्या.

उज्ज्वलाबाई वाचल्या. कवटीला चीर गेली होती, खुबा मोडला होता, ते भरून आलं. कानातला तोल मात्र आला नाही. डॉक्टरांनी पुण्याच्या प्रयोगशाळेतला सुलटा क्रमही लावून पाहिला, पण पडताना आतली नाजूक पडदी फाटली होती आणि क्रम लावायला तिथे काही उरलं नव्हतं. जमीन कायम डगमगत राहणार, भिंत धरून चालावं लागणार.

तात्यांनी चकती करवतीखाली घातली. पट्ट्याचे दात उडाले, एक त्यांच्या गालात रुतला, तो त्यांनी काढलाही नाही. मग दवाखान्यात जाऊन, बाईंच्या पलंगाची कड धरून, त्यांनी खुणेच्या शब्दाचं सगळं सांगून टाकलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, कारण डोळे उघडले की खोली फिरायची.

“तुमास्नी ठावं हुतं न्हवं,” त्या म्हणाल्या, “मी घेत न्हाई त्ये?”

“व्हय. म्हणून तर त्ये ठेवलं.”

बाईंनी पलंगाच्या कडेवरचा तात्यांचा हात बाजूला सारला. नंतर कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. मेहुण्याने पोलिसांत जायची तयारी केली, तर त्यांनी मानेनेच नको म्हणून सांगितलं. त्याने आपल्याकडे राहायचा आग्रह केला, तेव्हा मात्र म्हणाल्या की घर माझं आहे, मी कशाला भावाच्या दारात पडू. संक्रांतीच्या आधी त्या वखारीवरच्या घरी आल्या. तात्यांनी घरभर भिंतींना धरायला गुळगुळीत रंधलेल्या सागाच्या पट्ट्या ठोकून ठेवल्या होत्या. बाई एका पट्टीवरून दुसरीवर हात टाकत आत गेल्या आणि पलंगावर बसल्या.

तात्या स्वयंपाकघरात उभे राहून वाट बघत होते. अहो ऐकू येईल, मग जावं, असं त्यांना वाटत होतं. ओरडली तरी चालेल, शिव्या दिल्या तरी चालतील.

“विश्वंभर गणपती थोरवत,” आतून आवाज आला. तो आवाज शांत होता, सरळ होता, फोनवरच्या अनोळखी माणसाचा असतो तसा. “पाणी द्या.”

त्यांनी तांब्या भरला. त्या दिवसापासून बाईंनी त्यांना दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही. दिवसातून दहादा, पाहुण्यांसमोर, यासीनसमोर, पूर्ण नाव, कागदावरचं. त्या पहिल्या हाकेला तात्या तांब्या घेऊन निघाले. दाराशी आल्यावर पायाखालची जमीन डगमगली, आणि त्यांना चौकट धरावी लागली.